दुबेळकं

मुरूनच्या बाजारात दुकानदार म्हणाला,
"कार्बनचं आहे, पिसासारखं हलकं.
बटण दाबा, तिन्ही पाय उभे."
मी दाबलं. उभं राहिलं.
दुकानातली फरशी सपाट होती.

दोन मेंढ्यांचे पैसे मोजून
ते तिकाटणं मी गेरमध्ये आणलं.
पुंत्सागमामाने त्याच्या पायावर नख वाजवलं,
आवाज ऐकला,
आणि चहात मीठ टाकत राहिला.

पहिल्याच उतारावर
एक पाय आखूड, दोन लांब, पुन्हा एक लांब,
करता करता बोटं बधिर झाली
आणि शेवटचा खटका बसला: टक्.
चिमटा चुलीशी पडावा, एवढाच आवाज.
पलीकडच्या धारेवर लांडग्याने मान वळवली,
माझ्याकडे पाहिलं,
घाई न करता निघून गेला.
त्या हिवाळ्यात त्याने आमची नऊ वासरं नेली होती.

मामाचं दुबेळकं म्हणजे वाळुंजाच्या दोन काठ्या,
वर याकच्या चामड्याची वादी,
खाली शिंगाची टोकं,
आणि मधोमध, जिथे मूठ येते तिथे,
चाळीस वर्षांच्या चरबीचा काळा पट्टा.
कुठे काय टेकवायचं ते तो चालता चालता सांगायचा,
घोड्याला सांगितल्यासारखं, माझ्याकडे न बघता:
खडक मिळाला तर घे, पण नळी त्यावर टेकवू नकोस,
दगड गोळीला उडवून लावतो. मध्ये टोपी घाल.
लार्चच्या रानात खोडाला पंजा लाव,
अंगठ्यावर बंदूक.
गवत कमरेएवढं असेल तर पालथी पडून काय दिसणार?
गवत.
ताज्या बर्फात काठी रुतते,
रुतली असं वाटतं तरी रुततच असते; आधी पायाने तुडव.
खोगीर चांगलं, पण उतरवून, जमिनीवर ठेवून.
घोड्यावर टेकवलीस
तर नेमात घोड्याचा श्वास येतो.

यंदा मामाचं खुब्याचं हाड गेलं.
दिवाळखोर हाड, म्हणतो तो, सगळ्यांचं देणं ठेवून बसलं.
ऑक्टोबरच्या शेवटी त्याने वादी सोडली.
एक काठी स्वतःला ठेवली, सरपणापर्यंत जायला.
दुसरी माझ्या हातात दिली.
"एका पायावर काय उभं राहणार?" मी म्हटलं.
त्याने हनुवटीने
माझ्या गुडघ्याकडे दाखवलं.

नदी गोठली होती, पण मधूनच पोटातून बोलत होती.
वाळुंजाच्या झुडपात मी एका गुडघ्यावर,
काठी बर्फातून थेट गोट्यांपर्यंत खुपसलेली,
डाव्या मुठीत काठी आणि बंदूक दोन्ही,
उजवं कोपर मांडीवर,
पाठ एका वठलेल्या बुंध्याला.
मोजले तर काठीसकट पाच पाय झाले माझे.
तरी माशी हलत होती.
ती थांबत नसते, मामा म्हणायचा,
तिचा घेर लहान होतो, एवढंच.
मी घेराकडे बघत राहिले.
परातीएवढा. वाटीएवढा.
लांडगा बर्फ हुंगत आला, तोच,
कानाला चीर असलेला,
आणि माझ्या तोंडाची वाफ काठीवर गोठली.

संध्याकाळी कातडं दाराशी टाकलं.
मामाने त्याच्याकडे पाहिलं नाही.
"हललं?"
"हललं."
"किती?"
मी करंगळीचं नख दाखवलं.
तो थोडा वेळ त्या नखाकडे बघत बसला,
मग सरकून शेगडीशी जागा केली.

तिकाटणं वाया गेलं नाही, हेही सांगायला हवं.
त्यावर आता सौरपट्टी बसवली आहे,
दिवसभर उन्हाकडे तोंड करून.
गेरच्या दाराशी जमीन
सपाट आहे.